बिनपगारी माणसांवर संस्था कशी चालते, आणि कुठं अडते

सातारा-सांगली पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या संस्थेत जाऊन "इथं कामाला किती माणसं आहेत?" असं विचारलंत, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "पगारी कोणी नाही, सगळे आपले कार्यकर्तेच." सांगणाऱ्याची छाती थोडी फुगलेली असते, आणि ते रास्तही आहे. मग त्याच संस्थेच्या सचिवांना जरा बाजूला घेऊन विचारावं, गेल्या वर्षीचं ऑडिट झालं का? कार्यकारिणी बदलली ते धर्मादाय कार्यालयात कळवलं का? इथं आवाज खाली येतो. वाचनालय असो, तालीम असो, व्यसनमुक्तीचं काम असो की गडाची डागडुजी करणारा पोरांचा गट असो, माणसं चांगली, काम चांगलं आणि कागद तीन वर्षं मागं. याचं कारण लोक माणसांच्या आळसात शोधतात. मला ते चुकीचं वाटतं. खरं कारण कोणतं काम कोणाच्या भरवशावर टाकलंय, यात आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. स्वयंसेवी काम कशाला म्हणायचं, हे कामगार सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं २०१३ साली ठरवलं. त्यात तीन अटी आहेत: कामाचा मोबदला नको, काम सक्तीचं नको, आणि ते आपल्या घरच्यांसाठी नव्हे तर बाहेरच्यांसाठी हवं. वाचायला सोपं आहे. पण कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं बघा. १९६९ पासून ही योजना चालू आहे, विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास काम करायचं असतं. किती पोरं मनापासून येतात आणि किती प्रमाणपत्रासाठी, हे त्यांच्या सरांनाही नक्की सांगता येणार नाही. गावात "घरटी एक माणूस श्रमदानाला" असं ठरतं, तेव्हा न येणाऱ्याकडे गाव कसं बघतं हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे सक्ती नाही आणि आहेही. प्रत्यक्षातली बहुतेक संस्था अशाच सरमिसळीवर उभी असते, आणि त्यात गैर काही नाही.

पैसा कोणाच्या पदरचा जातो

बिनपगारी काम फुकट होतं, हा यातला सगळ्यात मोठा गैरसमज. खर्च होतोच, फक्त तो संस्थेच्या वहीत न येता कोणाच्या तरी घरात पडतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. त्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, वेळ आली तेव्हा मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण हिशोबाच्या नजरेनं बघितलं तर एका संस्थेचा चालू खर्च एका घरावर पडला होता, आणि तो उचलणाऱ्या बाईचं नाव पदाधिकाऱ्यांच्या यादीत नव्हतं. भाऊरावांना हे कळत होतं असं मला त्यांच्या पुढच्या पद्धतींवरून वाटतं. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य जमवण्याचा मुष्टिफंड, मुलांनी राबून शिकायचं 'कमवा आणि शिका', हे सगळं म्हणजे एका घरावरचा भार शंभर जागी वाटून टाकणं. शाळा वाढल्या त्या तर पगारी शिक्षकांवरच.

प्रतिसरकारचंही तेच. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली या भागात समांतर कारभार चालला. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. प्रतिसरकारात न्यायनिवाडा होता, तुफान सेना नावाचं स्वयंसेवकांचं दल होतं, आणि घरदार सोडून भूमिगत झालेली माणसं होती. त्यांना पगार कुठला? पण त्यांना दोन वेळचं जेवण लागत होतं. ते गावागावांतल्या घरांनी घातलं, म्हणजे त्या घरांतल्या बायकांनी रात्री-अपरात्री चूल पेटवली. आणि एवढ्यानं भागत नव्हतं म्हणूनच १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ रेल्वेचा पगार नेणारी गाडी अडवली गेली, पुढच्या वर्षी धुळ्याकडे सरकारी खजिना लुटला गेला. जिवावर उदार झालेल्या माणसांच्या संघटनेलाही खजिना लागला, हे आजच्या मंडळाच्या अध्यक्षांनी लक्षात ठेवावं. (लुटीचा भाग सोडून.)

आजचा खर्च कमी नाट्यमय आहे. दुचाकीतलं पेट्रोल, झेरॉक्स, मोबाईलचा रिचार्ज, पाहुण्यांचा चहा, तालुक्याच्या कचेरीत गेलेला अर्धा दिवस. "जाऊ दे, एवढं काय" म्हणून कार्यकर्ता पदरमोड करतो. महिन्याला हे पाचशे-हजारावर जातं आणि कोणी मोजत नाही. न मोजल्याचा एक परिणाम सहसा बोलला जात नाही: ज्याला पदरमोड परवडते तोच कार्यकर्ता राहतो. निवृत्त शिक्षक, दुकानदार, बऱ्यापैकी बागायत असलेला शेतकरी. रोजंदारीवर जाणारा, टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारा, घरचं आवरून मग शेतात जाणारी बाई, ही माणसं बैठकीला येतात, बोलतात, आणि हळूहळू यायची थांबतात. मग कार्यकारिणीत सगळे एकसारखे चेहरे दिसतात आणि आपण म्हणतो, "बाकीच्यांना आवडच नाही." म्हणून प्रवासखर्च देणं ही मेहरबानी नव्हे. जो मागणार नाही त्यालाही व्हाउचरवर सही घेऊन द्यावा. त्याला नको असेल तर त्यानं तेवढ्याच रकमेची देणगीची पावती फाडून घ्यावी, म्हणजे रक्कम निदान वहीत दिसते.

वाढपी मिळतात, भांडी घासायला मिळत नाहीत

लग्नाच्या पंगतीत वाढायला पोरांची झुंबड उडते. जेवणं उरकल्यावर भांड्यांचा ढीग पडतो तेव्हा तीच पोरं कुठं असतात? संस्थेची कामंही अशी दोन प्रकारची असतात, आणि या लेखात मला जे सांगायचंय ते हेच आहे. काही कामं उत्साहावर चालतात: त्यांना सुरुवात असते, शेवट असतो, दहा माणसं सोबत असतात, झालेलं काम डोळ्यांना दिसतं. काही कामं नेमावर चालतात: रोज कुलूप उघडणं, नोंदी ठेवणं, पावत्या लावणं, पत्रांना उत्तरं देणं. ही एकट्यानं करावी लागतात, संपत नाहीत, आणि नीट झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पहिल्या प्रकाराला बिनपगारी माणसं हवी तेवढी मिळतात. दुसरा प्रकार त्यांच्या गळ्यात घातला की संस्था आतून पोखरते.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण साताऱ्याचंच आहे. गावांनी पाणी अडवण्या-जिरवण्याची कामं करायची पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली सुरू झाली तेव्हा राज्यातले तीनच तालुके निवडले होते, त्यात कोरेगाव होता, आणि पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं नेलं. २०१८ साली माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं. गावं उन्हातान्हात खोरी-कुदळी घेऊन उतरली, पुण्या-मुंबईतून लोक श्रमदानाला आले. यामागं नुसता जोश नव्हता. निवडक गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण दिलं होतं, कामाला मापं होती, मापांना गुण होते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ४५ दिवसांनी काम थांबणार हे पहिल्या दिवशीच माहीत होतं.

त्या श्रमाची किंमत काढून बघा. समजा, एका गावातली शंभर माणसं ४५ दिवस रोज दोन तास राबली. झाले ९,००० तास, म्हणजे आठ तासांचे १,१२५ दिवस. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दरानं हे काम तीन लाख चौतीस हजारांचं झालं. एवढी मोठी देणगी कोणी दिली असती तर आपण फलक लावला असता. पण दोन पावसाळ्यांनंतर चरांत गाळ भरतो. तो काढायला मापं नसतात, गुण नसतात, ढोल-ताशा नसतो, आणि शंभरातले आठ येतात. त्या आठ जणांचं कौतुक करा, पण बाकीच्या ब्याण्णवांना नावं ठेवू नका. ते ज्या कामाला आले होते ते संपलं.

आता दुसरा प्रकार. समजा, वाळवा तालुक्यातल्या एका गावात वाचनालय आहे आणि ते आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी तीन तास उघडायचं ठरलं. आठवड्याचे १८ तास, वर्षाचे ९३६. नोकरी-शेती सांभाळून माणूस आठवड्याला खात्रीनं तीन तास देऊ शकतो असं धरलं, तर कागदावर सहा माणसं पुरतात. पण एकाच्या घरी लग्न निघतं, एकीच्या मुलाची परीक्षा येते, एकाचा ऊस तुटायला येतो आणि पाणी रात्रीचं असतं. प्रत्यक्षात नऊ-दहा लागतात. बहुतेक ठिकाणी दोन असतात, आणि त्या दोघांपैकी एकाकडेच किल्ली असते.

ऋतूंचा हिशोब तर कोणीच करत नाही. वॉटर कपचं श्रमदान एप्रिल-मे महिन्यांत असायचं; माणसारख्या कोरडवाहू भागात तेव्हा शेतात काम नसतं, म्हणून ते जमलं. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिल म्हणजे खरड छाटणी. तिथला शेतकरी तेव्हा बागेतून हलणार नाही, आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीच्या वेळी तर अजिबातच नाही. लोणंद, तरडगाव, फलटण मार्गावर माउलींची पालखी आली की तीन-चार दिवस गावंच्या गावं पाणी, चहा, जेवण वाटत असतात. त्या आठवड्यात दुसरा कार्यक्रम ठेवणारा सचिव बाहेरगावचा समजावा. वार्षिक सभेची तारीख ठरवण्याआधी गावाचं पिकांचं आणि जत्रांचं वेळापत्रक समोर घेतलं तर निम्म्या तक्रारी उगवणारच नाहीत.

मग थोडं मानधन द्यावं का?

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि इथं आपली सहज समजूत दगा देते. "काहीतरी द्या, म्हणजे उत्साह वाढेल" असं वाटतं. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलं दारोदार फिरून देणग्या गोळा करत होती. एका गटाला नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के बक्षिसी द्यायचं ठरलं, तीही देणगीतून नव्हे, वेगळ्या पैशांतून. एक टक्कावाल्यांपेक्षा दहा टक्केवाल्यांनी जास्त जमवले, हे अपेक्षितच. पण सगळ्यात जास्त जमवले ते काहीच न मिळणाऱ्यांनी.

किरकोळ पैसा आला की माणूस "मी चांगलं काम करतोय" हा विचार सोडून "एवढ्याशासाठी मी एवढं करतोय" या हिशोबाला लागतो. महिन्याला तीनशे रुपये मानधन ठरवलेल्या संस्थेत हे बघायला मिळतं: कालपर्यंत रात्री दहा वाजता फोन उचलणारा माणूस आता उचलत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून खर्च भरून देणं वेगळं आणि मोबदला देणं वेगळं. खर्च सगळ्यांचा, पैशापैशापर्यंत भरून द्यावा. मोबदला द्यायचा तर नेमाच्या कामाला, कामाच्या तोलाचा, आणि तो पगार आहे असं तोंडानं म्हणून द्यावा. सहा संध्याकाळी वाचनालय उघडणाऱ्या मुलीला नेमणूकपत्र आणि बऱ्यापैकी पगार द्या, आणि व्याख्यानमाला, पुस्तकदिंडी, मुलांचं शिबिर स्वयंसेवकांवर सोडा. उलटं करू नका. उलटं करणाऱ्या संस्था मी फार बघितल्यात: व्याख्यात्याला पाकीट, कार्यक्रमाला मांडव-साउंडवाला, आणि वर्षभर हिशोब लिहिणारा मात्र "आपलाच माणूस".

नेमाचं काम सेवेच्या नावाखाली करून घेण्यात सरकारही मागं नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागं एक आशा स्वयंसेविका नेमली गेली. ती गावातलीच बाई. बाळंतपणाला दवाखान्यात घेऊन जाणं, लसीकरणाला बाळं आणणं, घरोघरी पाहणी. मोबदला कामागणिक ठरलेला, पण दर्जा स्वयंसेविकेचा, म्हणून कर्मचाऱ्याचे हक्क नाहीत. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेनं अशा योजनांवर राबणाऱ्यांना कामगार माना अशी शिफारस केली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यांना मिळणारी रक्कम 'मानधन' म्हणून ओळखली जाते एवढ्यावरून तो हक्क जात नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. आशा आजही आंदोलनं करतात. लहान संस्थेनं यातून एवढंच घ्यावं: रोज ठरलेल्या वेळी या, सांगितलेलं करा, न आल्यास जाब द्या, असं ज्याला म्हणावं लागतं त्याला स्वयंसेवक म्हणून स्वस्तात भागवू नये.

महापुरातला उत्साह

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. इथं ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात, यावरून अंदाज यावा. त्या दिवसांत न बोलावता जी माणसं धावून आली त्यांची मोजदाद कोणी केली नसेल. पण पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं दगावली. पुराच्या पाण्यात बोट चालवणं हे कसबाचं काम आहे. बोटीत किती माणसं घ्यायची हे आधी ठरलेलं असावं लागतं, लाइफ जॅकेट असावी लागतात, आणि काठावर शंभर माणसं रडत असताना "आता पुढच्या फेरीला" असं सांगणारा एक कठोर माणूस लागतो. ही तयारी उन्हाळ्यात, पाणी नसताना करायची असते. तेव्हा तिला कोणी येत नाही, कारण ती पुन्हा नेमाची कामं आहेत. स्वयंसेवकाला "नको" म्हणता येणं, त्याला परत पाठवता येणं, हेही संस्थेला जमायला हवं. फुकट येतोय म्हणून कोणालाही कुठल्याही कामाला लावणं हे त्याच्याही जिवाशी खेळणं आहे.

एका माणसाच्या डोक्यातली संस्था

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते बहुतेक आपापली नोकरी-धंदा सांभाळून काम करणारे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. असा नेता गेल्यावर संघटना विझायला वेळ लागत नाही. इथं काम चालू राहिलं, आणि माझ्या मते त्याचं एक मोठं कारण गावोगावच्या शाखा. शाखेला स्वतःच्या बैठका असतात, स्वतःची माणसं असतात. कार्यक्रम घ्यायला वरून निरोप यावा लागत नाही. समितीचं वार्तापत्रही साताऱ्यातून नव्हे, सांगलीतून निघत आलंय. कामं वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या हातांत असली की एक हात गेल्यानं सगळं थांबत नाही.

आपल्या बहुतेक संस्थांत उलटं असतं. नोंदणीला किमान सात सभासद लागतात म्हणून सात सह्या होतात, आणि पुढची पंधरा वर्षं एकच माणूस सगळं बघतो. तो हुकूमशहा नसतो. बाकीच्यांनी हळूच अंग काढून घेतलेलं असतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे विश्वस्तांत काही बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. तो राहतो. एक विश्वस्त वारतो, दुसरा पुण्याला मुलाकडे जातो, आणि सरकारी नोंदीत जुनीच मंडळी बसलेली असतात. मग सचिवाला सोडायचं म्हटलं तरी सोडता येत नाही, कारण नवा सचिव कागदावर येणार कसा?

म्हणून सचिव बदलायचा असेल तर सत्काराच्या आधी तीन महिने सुरुवात करावी. नवा माणूस जुन्यासोबत एकदा ऑडिटला आणि एकदा बँकेत जाऊन येऊ द्या. इतिवृत्ताची वही, पावतीपुस्तकांचे शिल्लक नंबर, नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, पॅन कार्ड, ई-मेलचा पासवर्ड, सगळ्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. बँकेतले सह्यांचे अधिकार बदलायला ठरावाची प्रत आणि नव्या माणसांचं केवायसी लागतं. ते झालं की खात्याला जोडलेला मोबाईल नंबर त्याच भेटीत बदलून घ्या. नाहीतर जुन्या सचिवांनी हार-शाल घेऊन निवृत्ती घेतलेली असते, आणि वीजबिल भरायला बसलेला नवा सचिव रात्री नऊला त्यांना फोन लावून विचारत असतो, "काका, ओटीपी आला का बघा जरा."